राणीचे केस

मी आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला, पण भर चैत्रात एका सवाष्ण बाईच्या डोक्याला गुळाचा पाक लावणं, हा त्या सगळ्याचा कळस. तो चुकून सांडला असं म्हणायचीही सोय नाही. चांगला तार बघून, निववून, दोन बोटांनी सारवला होता. वर मी म्हणाले होते, "वहिनी, आता बघाच."

त्यावर वहिनींनी नेहमीसारखी उजव्या हाताची दोन बोटं कानशिलावर टेकवली आणि विचारलं, "हललं का गं?"

त्यांची हीच मूर्ती माझ्या डोळ्यांपुढे आहे. बोलता बोलता, निवडता टिपता, पाट मांडता मांडता ती दोन बोटं कानशिलाशी जायची. एखादी बाई कानातली कुडी जागेवर आहे का बघते ना, तशी. इतरांना वाटे, नखरा आहे बाईचा. मला तेवढं माहीत होतं की त्या बोटांखाली काय आहे. किंवा काय नाही.

लढाईचे दिवस. आम्ही लोणावळ्याला, आमच्या खोल्यांसमोर त्यांच्या दोन खोल्या. वहिनींचे यजमान रेल्वेत तारमास्तर होते. लष्कराने रेल्वेची माणसं मागितली तेव्हा ते ब्रह्मदेशात गेले. मग ब्रह्मदेश पडला. तिकडून माणसं जंगलातून पायी निघाली, कोणी पोचली, कोणी नाही, असं लोक सांगत. सगळ्या जगाच्या तारा ठोकणाऱ्या माणसाची स्वतःची एक तार येईना. सरकार म्हणे, ठावठिकाणा नाही. जिवंत म्हणेना, गेला म्हणेना.

घरात वहिनी आणि त्यांच्या सासूबाई. त्यांना आम्ही काकू म्हणायचो. काकू जुन्या वळणाच्या सोवळ्या बाई. लाल आलवण, आणि डोकं भादरायला दर महिन्याला न्हावी यायचा. बोलणं मोजकं आणि तिखट. मी त्यांना भ्यायची. तेव्हा मी नवी नवरी होते, अंगात अक्कल कमी आणि हौस जास्त.

एकदा दुपारी मी विरजण मागायला गेले आणि हाक न मारताच आत शिरले. वहिनी फडताळातल्या आरशासमोर उभ्या. डोक्यावर एक केस नाही. नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत डोकं. श्रावणात चवलीएवढी चाई पडली होती, म्हणाल्या, मग दुसरी, मग गळतच गेले. कित्येक दिवस काळं फडकं गुंडाळून वर पदर घेत होत्या. 'डोकं दुखतं' म्हणायच्या, आणि मी बावळट त्यांना सुंठ उगाळून देत होते.

मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "दार लाव." मग म्हणाल्या, "काकूंना कळता कामा नये."

"का? आजार आहे हा. सांगायला काय झालं?"

"त्यांच्याकडे बघ, मग माझ्याकडे बघ," त्या म्हणाल्या. "काय फरक राहिला? मुलगा तिकडे, आणि त्यांनी सुनेचं हे डोकं बघायचं? त्यांचा जीव जाईल गं." मग आरशाकडे बघत हळूच म्हणाल्या, "मलाच वाटतं, मी अशी दिसते म्हणून तिकडे ह्यांचं काही बरंवाईट होईल. केस होते तोवर पत्रं येत होती."

हे वेड आहे असं मला म्हणता आलं असतं. तुम्हीही म्हणाल. पण त्या डोळ्यांसमोर तुम्ही उभे राहायला हवं होतं.

दिवाळीला मी माहेरी, तळेगावला गेले. तिथे माझ्या भावाची हौशी नाटकमंडळी होती. बोलपट आल्यापासून त्यांची ट्रंक माळ्यावर पडून होती. तीतून मी राणीचा टोप लांबवला. खरे केस, जाळीवर ओवलेले, मागे भरघोस अंबाडा. ते राणीचं काम करणारा माणूस एरवी पोस्टात शिक्के मारायचा आणि राणी व्हायचं नसेल तेव्हा मिशा ठेवायचा. वहिनींनी टोप घातला आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. "तुझ्या पोस्टमास्तरापेक्षा बरी दिसते ना?" म्हणाल्या.

पण नाटकातली राणी तीन अंक उभी राहते आणि घरी जाते. वहिनींना उजाडल्यापासून निजेपर्यंत राणी राहायचं होतं. वाकायचं, सारवायचं, विहिरीचं पाणी ओढायचं. टोप बसायला हवा होता कशाने तरी. मग काय, आमचं दुकान सुरू झालं. आधी माझ्या मनगटावर लावून बघायचं, मग त्यांच्या डोक्यावर. पुढे माझं मनगट आणि त्यांचं डोकं, दोन्ही सारखीच सोललेली दिसायची.

पहिला डिंक. टाकव्याहून एक मावशी डोंगरातला डिंक घेऊन बाजाराला यायच्या. मी ओंजळभर मागितला.

"लाडवाला पायजे का चिकटवाया?" मावशींनी विचारलं.

"चिकटवायला."

"मंग ह्यो धावड्याचा घ्या. लय चिकाट. पर वलीला फुगतोय, मागनं आमी न्हाई सांगितलं म्हनू नका."

चिकटवायला इतका डिंक कोणाला लागतो? माझ्या बोलण्यावर मावशींनी विश्वास ठेवला नाही. त्यांनी आपल्याशीच हिशेब केला आणि आळीत सांगत सुटल्या, की आमच्या घरच्या धाकट्या बाईंना, म्हणजे मला, दिवस गेलेत. माझ्या सासूबाई मला आठवडाभर घागर उचलू देईनात. आमच्या ह्यांनी तर एका संध्याकाळी लाजत विचारलं, "मला काही सांगायचंय का तुला?" मी म्हटलं, "नाही." बिचारे खट्टू झाले. इकडे डिंक लोणावळ्याच्या धुक्यात खरोखर फुगला. आणि ऊन पडलं की वाळून त्याचा पांढरा कोंडा वहिनींच्या खांद्यांवर पडायचा.

मग नाटकवाल्यांची राळ आणली, स्पिरिटात विरघळवून. ती बसली झकास, पण टाळू भाजून निघाली. काढायला घासलेट लागायचं, आणि घासलेट मिळायचं रेशनवर. आमच्या घरी दिवा लवकर मालवू लागला. मी सासूबाईंना सांगत होते, डोळ्यांना उजेड सोसत नाही. त्यांनी तेही डोहाळ्यांत जमा केलं.

आमचे हे रेल्वेच्या विजेच्या खात्यात. तारांना गुंडाळायची काळी पट्टी त्यांच्या खिशात असायची. ती मी मागितली.

"माहेरचं लुगडं त्या पट्टीने शिवतेस की काय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

ती पट्टी दुमडून, चिकट बाजू वर करून टोपाच्या आत लावली. दुपारपर्यंत ठीक. चुलीपुढे बसल्या की डांबर पाझरायचं आणि राणीचे केस हळूहळू डाव्या भुवईवर यायचे. दवाखान्यातली चिकटपट्टी त्यापेक्षा बरी, पण तिच्याखाली फोड आले. शेवटी सायकलवाल्याकडचं पंक्चरचं सोल्युशन. ते काही सुटेना. संध्याकाळी आम्ही टोप ओढला तेव्हा त्याच्याबरोबर कातडीचा पापुद्रा आला. वहिनी ओरडल्या नाहीत, आतल्या खोलीत काकू होत्या. पदराचा बोळा तोंडात धरून बसल्या, आणि तोंड मोकळं झालं तेव्हा म्हणाल्या, "पण हललं नाही हं दिवसभर."

मी म्हटलं, "वहिनी, पुरे आता. पदर घ्या आणि गप्प बसा."

"नाही गं," त्या म्हणाल्या. "हे बसलं की मला वाटतं, ते कुठेतरी धड आहेत. तू हस हवं तर."

मी हसले नाही. एरवी मला कशाचंही हसू येतं.

चैत्रात त्यांच्याकडे गौरीचं हळदीकुंकू असे. त्या वर्षी काकूच म्हणाल्या, करायचं, मोडायचं नाही. वहिनींच्या डोक्यावर तोवर इतक्या जखमा होत्या की राळ नको, सोल्युशन नको, पट्टी नको. अंगाला न लागणारं काहीतरी हवं. आणि त्याच वेळी माझ्या अकलेला पालवी फुटली. बाजारात गुडदाणीच्या कढईसमोर उभी होते. मनात आलं, जो पाक शेंगदाण्याला शेंगदाणा धरून ठेवतो, तो डोक्याला केस का धरणार नाही? खाल्ला तर बाधत नाही, मग लावला तर काय बाधेल?

सुरुवात छान झाली. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. सतरंजीवर दाटीवाटीने बायका. काकू रिवाजाप्रमाणे स्वयंपाकघरात, दिसू नयेत अशा बसलेल्या. वहिनी करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत होत्या, आणि अंबाडा असा बसला होता की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग त्यांच्या भांगात मला एक लाल मुंगी दिसली. मग तिची बहीण. मागे गौरीपुढच्या करंज्यांपासून एक बारीक रांग भिंतीवरून, खुंटीला अडकवलेल्या वहिनींच्या शालीवरून निघाली होती, आणि वहिनी त्याच भिंतीला टेकून मघाशी बसल्या होत्या. फोड फुटलेल्या टाळूला मुंग्या डसत होत्या. त्यांच्या एका हातात करंडा, दुसऱ्या हाताची बोटं कुंकवाने भरलेली. कानशिलाशी हात नेता येईना. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि बोट मात्र एकीच्या कपाळावरून दुसरीच्या कपाळावर. बायका एकमेकींना खुणावत होत्या, नवऱ्याची आठवण येत असेल हो.

मी उठून जवळ जाईपर्यंत आळीतल्या वकिलीणबाईंनी मायेने हात पुढे केला. "अगं, मुंगी चढलीये," म्हणून झटकली. उन्हाने आणि घामाने पाक केव्हाच पातळ झाला होता. राणीचे केस वकिलीणबाईंच्या मांडीवर पडले.

एकीने हातातली पन्ह्याची वाटी खाली ठेवली. वकिलीणबाई त्या गुळगुळीत, रक्ताळलेल्या डोक्याकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे बातमी आली होय? आम्हाला कळवायचं तरी."

जे ऐकावं लागू नये म्हणून दिवाळीपासून टाळू सोलून घेतली, तेच वाक्य. वहिनी खाली बसल्या. करंडा कलंडला.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात काकू दिसल्या. हळदीकुंकवाच्या बायकांसमोर त्यांनी यायचं नाही, आणि त्या आल्या नाहीतच. उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. आलवण डोक्यावरून घट्ट.

"बातमी आलेली नाही," त्या म्हणाल्या. "सवाष्ण आहे ती. बसा सगळ्या, डाळ व्हायची आहे अजून."

मग उंबऱ्यावर एक शिंगाची छोटी डबी ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं. "तू इकडे ये. हे मेण घे, माझं आहे, जुनं. आधी मेण, मग त्यावर पिंजर. मोठं लाव तिला. आणि त्या गुळासारखं नाही हे, घामाने जात नाही."

मी लावलं. माझी बोटं गुळाने चिकट झाली होती. वहिनींचं बोडकं डोकं, त्यावर फिरणाऱ्या मुंग्या आणि खाली कपाळभर कुंकू. वकिलीणबाई पुढे आल्या, स्वतःचा पदर ओला करून त्यांनी एकेक मुंगी टिपली. टिपताना त्याही रडत होत्या. मग सगळ्या डाळ खायला बसल्या. तशी मुकाट डाळ मी पुन्हा कधी खाल्ली नाही.

सगळ्या गेल्यावर मी भांडी घासायला बसले. काकू शेजारी येऊन बसल्या.

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. बोडक्या डोक्यावर पदर कसा सरकतो, हे मला शिकवायला हवं का?"

"मग बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तिने तो टोप काढून ठेवला असता," त्या म्हणाल्या. "ती रोज सकाळी चिकटवत होती, तोवर मलाही वाटत होतं..." मग माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि म्हणाल्या, "तुला भांडीसुद्धा घासता येत नाहीत."

टोप मी तळेगावच्या ट्रंकेत परत टाकला. वहिनी पुढे नुसता पदर घेऊ लागल्या, आणि कपाळावर मेणावरचं मोठं कुंकू. सुनेला ते रोज लावायला काकूच सांगत. लढाई संपली. लष्करात गेलेली माणसं परत येऊन स्टेशनवर उतरू लागली, तेव्हा दोघी बरेच दिवस गाडीच्या वेळेला दारात उभ्या राहायच्या. मग नुसत्या काकू. मग कोणीच नाही. तार आली नाही, चांगली नाही की वाईट नाही. केसही आले नाहीत.

शेवटी वहिनींच्या भावाने दोघींना वऱ्हाडात बोलावून घेतलं. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत, आणि पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही. मी स्टेशनवर पोचवायला गेले होते, माझी थोरली कडेवर. खरोखरची, डिंकवाल्या मावशींच्या हिशेबातली नव्हे. काकू आत सामानावर बसल्या होत्या. वहिनी खिडकीशी. शिट्टी झाली आणि त्यांची दोन बोटं वर गेली. कानशिलावर नाही, कपाळापाशी, कुंकवाला लागणार नाहीत अशी.

"हललं का गं?"

मी नीट पाहिलं. म्हटलं, "नाही वहिनी. आहे तसंच आहे."

गाडी हलली. त्या म्हणाल्या, "मग येतील ते."