वाचनालयाच्या दारावरचं पान

तीस वर्षं परांचीवर बसून मी शहरातल्या जुन्या इमारतींची डागडुजी केली. इथला दगडन्‌दगड मला ओळखतो, हा तोरा मी चारचौघांत मिरवायचो.

एका रविवारी भाची वर्तमानपत्र घेऊन आली. त्यात नक्षीकामाचे पाच फोटो होते. पाचही इमारती ओळखल्या, तर तिला कॅमेरा मिळणार होता. वर्षभर ती त्याचाच ध्यास घेऊन बसली होती.

"मामा, जमेल ना?"

"विचारतेस काय, लिही!"

न्यायालयाचा कान तुटलेला सिंह, स्टेशनची कमान... चार उत्तरं मी चुटकीसरशी दिली. पाचव्या फोटोत दगडी वेल होती आणि तिचं एक पान भलतीकडेच वळलं होतं.

"ही इमारत आपल्याकडची नाहीच," मी ठासून सांगितलं. "इतकं गबाळं काम इथं कोण करील? तसंच लिही."

पुढच्या रविवारी उत्तर छापून आलं: वाचनालयाचं दार. भाचीचा चेहरा उतरला. बायकोनं फोटो निरखून पाहिला.

"अहो, हे निखळलेलं पान तुम्हीच बसवलंत की! मी डबा घेऊन आले, तेव्हा खालून दाखवलं होतंत."

"फोटो उलटा छापलाय," मी म्हणालो.

भाचीनं वर्तमानपत्र उलटं धरलं. पान आणखीच वाईट दिसलं.