खालून कापलेली ओळ

निखिलच्या टीमने तो सीझन जिंकला होता.

ही ओळ मी एका शनिवारी दुपारी लिहिली आणि त्याच संध्याकाळी कापली. व्हर्जिनियातल्या एका छोट्या दैनिकात मी स्पोर्ट्स डेस्कवर काम करते. त्या दिवशी आमच्या भागातल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमची शेवटची मॅच होती. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, बॉल हातात धरून पळायचा. ही मॅच जिंकली की 'विनिंग सीझन' होणार होता, म्हणजे वर्षभरात हारींपेक्षा विजय जास्त. या कॉलेजात ते क्वचित घडतं.

त्या आठवड्यात बुधवारीच स्पोर्ट्स एडिटर डेल टेबलापाशी आला होता. "मेघना, मला पर्स्पेक्टिव्ह हवंय."

"किती?"

"सहा इंच."

आमच्याकडे पर्स्पेक्टिव्ह इंचांत मोजतात. मुख्य बातमीशेजारी एक चौकट असते. हा सीझन आधीच्यांच्या तुलनेत कुठे बसतो, ते तिच्यात सांगायचं. काम वाटतं त्यापेक्षा किचकट आहे. पूर्वी मॅच कमी असत आणि काही बरोबरीत सुटत. त्यामुळे नुसते विजय मोजून चालत नाही, नियम काय होते तेही बघावं लागतं. आकडे इथे देत नाही, कॉलेज ओळखू येईल. निखिल हे नावही बदललेलं आहे.

कॉलेजच्या रेकॉर्ड बुकात एका सीझनपुढे चांदणी होती. तळटीप एका शब्दाची: 'व्हेकेटेड'. त्या वर्षी टीममधला एक खेळाडू अभ्यासाच्या अटीत बसत नव्हता, हे नंतर उघड झालं आणि साऱ्या टीमचे विजय रद्द झाले. यातली गंमत अशी की समोरच्या टीमच्या नावावरची हार तशीच राहते. मॅच झाली, एक जण हरला, जिंकलं मात्र कोणीच नाही.

ती चांदणी मला नवी नव्हती. गुरुवारीच डॉक्टर काकांचा फोन आला होता. काका नागपूरचे, इथे हयात डॉक्टरकीत गेलेली, आता रिटायर्ड. महाराष्ट्र मंडळातली ओळख. निखिल त्यांचा मुलगा, आता टेक्सासमधल्या प्लेनोत आयटीत आहे. चांदणीच्या सीझनमध्ये तो टीमचा 'लाँग स्नॅपर' होता. किकच्या वेळी वाकून, दोन पायांमधून बॉल मागे फेकणारा. त्याच्या नावावर कुठलाही आकडा लागत नाही. चुकला तरच नाव घेतलं जातं. टीमचा विजय हीच त्याची नोंद.

"काय गं मेघना, इतिहास लिहितेयस म्हणे?" काका म्हणाले.

"इतिहास कसला काका, चौकट आहे."

"त्यात आमच्या निखिलचा सीझन येईल ना? एक ओळ पुरे."

"एवढं काय त्यात?"

काका म्हणाले, "विजय रद्द झाले तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, चार वर्षं वाकून बॉल फेकलास, हातात काय राहिलं? त्यानंतर तो फुटबॉलबद्दल माझ्याशी बोललेला नाही. एकही मॅच मी बघायला गेलो नव्हतो, ते वेगळंच."

"मग फोन करून सॉरी म्हणा ना."

"तुझी काकूही तेच म्हणते. मला नाही जमत गं. पेपरात आलं की लिंक पाठवीन. त्याला कळेल."

"बघते," मी म्हटलं.

शनिवारी चौकट लिहिली. निखिलच्या सीझनची ओळ घातली, रद्द झालेले विजय एका वाक्यात समजावले. ते वाक्य मध्ये घातलं की चौकट अडखळत होती, म्हणून दोन्ही शेवटी नेली.

टीम जिंकली. रिपोर्टरची बातमी लांबली. डेल ओरडला, "दोन वाक्यं काढ."

पुण्यातल्या पेपरात असताना शिकले होते, बातमी खालून कापायची. महत्त्वाचं वर असतं, म्हणून शेवटची वाक्यं गेली तरी बिघडत नाही. मी शेवटची दोन काढली. चौकट नेमकी बसली. डेलने मथळा दिला: एका पिढीत पहिल्यांदाच. मी तो अधिकृत यादीशी ताडून पाहिला आणि पुढच्या पानाकडे वळले.

रविवारी सकाळी काकांचा फोन आला.

"मी न वाचताच पाठवली गं लिंक. तू लिहिणार होतीस ना."

"निखिल काय म्हणाला?"

काकांनी त्याचा मेसेज वाचून दाखवला. "गॉट इट, बाबा. फर्स्ट इन अ जनरेशन."

तुझ्या सीझनचं काहीच उरलं नाही, हे पूर्वी जे तोंडाने बोलले होते, तेच काकांनी आता छापील पाठवलं, असा त्याने अर्थ घेतला. दुसरा अर्थ घ्यायला मी जागा ठेवली नव्हती.

सोमवारी मी डेलकडे करेक्शन मागितलं.

"कुठला शब्द चुकलाय?"

"पहिल्यांदाच."

"ऑफिशियल लिस्टप्रमाणे?"

"बरोबर आहे."

"मग करेक्शन कसलं छापू?" तो म्हणाला. "वेबवर जागेचा प्रश्न नाही. ती दोन वाक्यं टाक परत."

मी टाकली आणि काकांना कळवलं.

"आता परत कुठल्या तोंडाने पाठवू?" ते म्हणाले. "माझ्या सांगण्यावरून घातली असं वाटेल त्याला. तसं ते खरंच आहे."

मी निखिलला फोन करू का, असं विचारलं. नको म्हणाले. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत निखिल घरी आला नाही. काम आहे म्हणाला. असेलही.

डेलने काय कापायचं ते सांगितलं नव्हतं, किती कापायचं एवढंच सांगितलं होतं. बातमी खालून कापली जाते, हे ती ओळ शेवटी नेतानाही मला माहीत होतं. जी ओळ जाता कामा नये ती वर लिहायची, एवढा साधा नियम आहे. म्हणून इथे ती पहिली घेतली.