देवीच्या नावाच्या कोंबड्या

जनाआत्या गेल्याची बातमी मला पाटोद्याच्या बाजारात कळली, तीही वांग्यांच्या ढिगापाशी. आमच्या गावचा एक जण पिशवी सावरत समोर आला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, तुमची आत्या गेली की परवा." आणि त्याच दमात त्यानं माळणीला वांग्यांचा भाव विचारला. मला त्याचा राग आला नाही. आमच्याकडं मरणाची बातमी अशीच येते, बाजारहाटात, दुसऱ्या कामाच्या आडून. एखादा जहागीरदार गेला तर कचेऱ्या बंद राहतात, वर्तमानपत्रांत काळ्या चौकटी येतात, आणि ज्यानं जन्मात कुणाला पाणी विचारलं नाही त्याला मेल्यावर दानशूर म्हणतात. आत्यासाठी कचेरी बंद राहिली नाही. माझीसुद्धा राहिली नाही, त्या दिवशी दुपारी एक तारीख होती ती करूनच मी गावाकडं निघालो. आता महिना होत आला, आणि वाटतं आहे की तिच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात. लिहून तिचं काही व्हायचं नाही. पण तिच्याबद्दल गावात एक गोष्ट सांगतात, ती निम्मीच खरी आहे.

जनाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा तरणाच गेला, कडेवर एक पोरगा राहिला. सासरच्यांनी तिला ठेवून घ्यायची फार घाई केली नाही, तेव्हा वडील गाडी जुंपून गेले आणि मायलेकरांना घेऊन आले. आमच्या घरामागं दोन खोल्या होत्या आणि त्यांच्यामागं परडं. त्या परड्यात आत्याचं उरलेलं आयुष्य गेलं. शेतीच्या घरात विधवा बहिणीला काम पुष्कळ असतं, पण तिचं म्हणावं असं काही नसतं. पोरगा सोडला तर आत्याचं म्हणावं असं जे होतं ते या परड्यात होतं. तिच्या कोंबड्या.

कोंबड्या गावात सगळ्यांकडंच होत्या, चिमणीएवढ्या, गावरान, अंडी भरपूर देणाऱ्या आणि मुंगूस आलं की पिल्लं टाकून पळणाऱ्या. आत्याला ते पळणं बघवत नसे. एकदा वडिलांनी चौसाळ्याहून एक असील कोंबडी आणली, एका डोळ्यानं आंधळी. झुंजींच्या शौकिनांनी तिला पोसून काही उपयोग नाही म्हणून टाकली होती. उंच पाय, मान ताठ, तुरा जवळजवळ नाहीच, आणि चाल अशी की मी पुढं हैदराबादेत काही बडी माणसं दरबाराला जाताना बघितली तेव्हा मला तीच आठवली. अंडी मात्र ती मोजकीच घाली. पण एकदा अंड्यांवर बसली की तिच्या जवळ जायची कुणाची छाती नव्हती, आणि पिल्लांवर घार उतरली तर ती घारीवर जाई. आत्यानं तिचा गावरान कोंबड्याशी मेळ घातला. त्यातल्या तांबड्या तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, ठेवल्या, बाकीच्या दिल्या. पुन्हा मेळ, पुन्हा निवड... अशी वर्षं गेली. शेवटी तिच्या परड्यात एक जात उभी राहिली. तांबडी, पिवळ्या पायांची, अंड्याला गावरानसारखी आणि पिल्लांमागं असीलसारखी. "ही माजी जात," आत्या म्हणायची. देशमुखांनी आपल्या घराण्याविषयी जसं बोलावं तसं नव्हे, भाकरी चांगली फुगली की बाई बोलते तसं.

या जातीला मुंगसापेक्षा मोठा शत्रू होता, तो म्हणजे सरकारी दौरा. साहेब फिरतीवर निघाले की आंबराईत तंबू लागत, पुढं चपराशी, मागं घोडी, आणि गावानं रसद पुरवायची. रयतेचं गाऱ्हाणं ऐकायला सरकार येतं असं सांगत. ऐकायला बसण्याआधी सरकारला कोंबडी लागे. महसुलाचा गिरदावर कमरेचा पट्टा सारखा करत घरोघर फिरे, चपराशी कोंबड्या झाकायचं डालगं उचलून बघे, आणि जी दिसेल ती पाय बांधून जाई. मोबदल्याचं कुणी विचारत नसे, विचारायची पद्धतच नव्हती. एका दौऱ्यात आत्याच्या सगळ्यांत चांगल्या दोन माद्या गेल्या. पुढच्या दौऱ्याची दवंडी झाली तेव्हा तिनं एक युक्ती काढली.

आमच्याकडं मरीआईला कोंबडी सोडायची रीत आहे. घरात आजार आला, नवस बोलला, की एक पिल्लू देवीच्या नावानं सोडायचं. ओळख म्हणून त्याच्या एका नखाचं टोक छाटायचं, डोक्याला हळद लावायची. ती कोंबडी मग आपली नव्हे. विकायची नाही, कापायची नाही, जत्रेला देवीपुढंच द्यायची. दुसऱ्या कुणी खाल्ली तर पटकी घर धुऊन नेते. आत्यानं एका सकाळी परड्यातल्या झाडून सगळ्या कोंबड्यांची नखं छाटली आणि सगळ्यांना हळद लावली. गिरदावर आला, डालगं उचललं, आणि पिवळ्या डोक्यांची ती पलटण बघून थबकला. चपराशी मुसलमान होता, त्याचा मरीआईशी संबंध नव्हता, पण पटकीशी होता. तो दोन पावलं मागं सरला. "मैया का माल है. नक्को साब, बैंगन खा लेंगे." साहेबांनी त्या मुक्कामात वांगी खाल्ली.

गाव पोट धरून हसलं, आणि पुढच्या दौऱ्यापर्यंत निम्म्या गावाच्या कोंबड्या देवीच्या झाल्या. आत्या दरसाल जत्रेला एखादा म्हातारा कोंबडा देवीपुढं देई आणि बाकीच्यांचं पुढच्या साली बघू म्हणे. वडिलांना हे बरं वाटत नसे. त्यांनी एकदा तिला विचारलं, देवीशी असला व्यवहार कावून करतीस? आत्या दळता दळता म्हणाली, "दादा, देवी थांबती. गिरदावर थांबत न्हाई." ...मला तेव्हा हे वाक्य फार आवडलं होतं. मी औरंगाबादेत शिकत होतो, वसतिगृहातल्या मित्रांना सांगून टाळ्या मिळवत होतो.

मग तो ताप आला. पहिली मोठी लढाई संपत आली होती, त्या साली सगळ्या मुलखात आला तो. आमच्याकडं त्याला मानमोडी म्हणत, कोंबड्यांच्या रोगाचंच नाव माणसांच्या रोगाला दिलं होतं, कारण दोघंही सारखेच पटापट मरत. शाळा बंद झाल्या, मी गावी आलो. सरकारनं या वेळी दौरा काढला नाही. गावात रोज एकदोन जण जात होते, खांदा द्यायला माणसं पुरत नव्हती. एका दुपारी मरीआईच्या देवळापुढं एका बाईच्या अंगात आलं आणि ती केस मोकळे सोडून विचारू लागली, माझी कोंबडी कुठं हाय, माझी कोंबडी कुठं हाय... सगळ्यांनी खाली बघितलं. देवीला बोललेलं आणि न दिलेलं निम्म्या गावात नखं छाटून फिरत होतं.

पाटलांनी ठरवलं की ज्यानं त्यानं आपापल्या घरातली सोडलेली कोंबडी आणून द्यावी. लोकांनी आणल्या, भीतीपोटी न सोडलेल्यासुद्धा. आत्या गेली नाही. पाटील स्वतः परड्यात आले तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "म्या बोलले ते गिरदावराला ऐकू जावं म्हणून. देवीला ठावं हाय ते." पाटील भला माणूस, त्यांचा धाकटा भाऊ आदल्या दिवशी गेला होता. ते तसेच परत गेले. पण शेजारची ठकूबाई बोलली. तिची सून तापानं पडली होती. गावाच्या आड येणारीचं देवी बघून घेईल, असं ती कुंपणावरून म्हणाली, आणि आत्याला ऐकू जाईल असंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी रंगू तापला. रंगनाथ, आत्याचा पोरगा, माझ्याहून थोडा लहान, अंगापिंडानं थोराड. सकाळी बैलांना पाणी दाखवून आला, भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला. दुपारपर्यंत ओठ निळे पडले. आत्यानं त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं, उठली, परड्यात गेली आणि एकेक कोंबडी धरून पाय बांधायला लागली. मी मधे पडलो. जे पुस्तकात वाचलं होतं ते सांगितलं, की हा रोग हवेतून येतो, कोंबड्यांचा यात काही संबंध नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नसंल बाबा. पण तू सांग, नसंलच का?" मला छातीवर हात ठेवून सांगता येईना. ती पुढची कोंबडी धरायला वाकली.

पाटील माणसं घेऊन कोंबड्या न्यायला आले तेव्हा एकच मादी उरली होती, अंड्यांवर बसलेली. बसलेली कोंबडी उठवत नाहीत, देवीसुद्धा मागत नाही, अशी एक समजूत आहे. पण तिचं नख छाटलेलं होतं, आणि पाटलांबरोबर आलेल्या माणसांत कुणी म्हणालं की एकीसाठी कशाला अर्धवट ठेवायचं. पिल्लं निघायला आठवडा उरला होता. आत्यानं हात घातला तशी त्या कोंबडीनं मनगट रक्तबंबाळ केलं. आत्यानं तिला उचलून त्या माणसाच्या हातात दिलं. मग विचारलं, "अंडी देवीला बोलले न्हाई मी. त्याचं काय?" अंडी नकोत, असं पाटील म्हणाले. माणसं गेली. आत्यानं ती गरम अंडी एका धडप्यात गुंडाळली, लुगड्याच्या आत पोटाशी घट्ट बांधली, वर पदर घेतला आणि रंगूच्या उशाशी जाऊन बसली.

रंगू दुसऱ्या दिवशी उन्हं चढताना गेला. बायका जमल्या. आमच्याकडं आईनं लेकराच्या देहावर पडायचं असतं, ऊर बडवायचा असतो. ती रीत नव्हे, ते होतंच. आत्या मात्र भिंतीला पाठ लावून ताठ बसून राहिली. वाकली नाही, लवंडली नाही, छातीवर हात मारला नाही. ठकूबाई गळ्यात पडायला पुढं झाली तशी आत्यानं दोन्ही हातांनी तिला अडवलं, लांबच. तोंडातून आवाज नाही, नुसतं पाणी गालांवरून हनुवटीला. रंगूला उचललं तेव्हासुद्धा ती भिंत धरून हळूहळू उभी राहिली, जशी दिवस भरत आलेली बाई उठते. ठकूबाई बाहेर येऊन म्हणाली, "दगड हाय. पोटच्या पोरावर पडली न्हाई." ते वाक्य गावात राहिलं, आणि दुसरं त्याच्या जोडीला, की देवीला फसवलं म्हणून देवीनं पोरगा नेला. मी खांदा देऊन गेलो होतो, मला तेव्हा कळलं नाही. चार दिवसांनी चुलीपाशी तिनं पोटाशी हात घालून एकेक अंडं काढलं, फिरवलं आणि परत ठेवलं, तेव्हा कळलं. मी गावात सांगतो म्हणालो. ती म्हणाली, "काय सांगशील? लेकरू सोडून अंडी जपली म्हणून?" मी ते कुणाला सांगितलं नाही.

पाच पिल्लं निघाली. बाकीची अंडी आतच राहिली. ती पाच तिनं पदरात, राखेच्या उबेला, चुलीच्या कडेला जगवली. त्यातल्या तीन माद्या निघाल्या, दोन कोंबडे. सगळ्या गावात कोंबडी उरली नव्हती, देवी जेवून गेली होती आणि ताप आपल्या वेळेनं, थंडी संपता संपता गेला होता. वर्ष उलटल्यावर बायका एकेक करून परड्याच्या दाराशी यायला लागल्या, अंडी मागायला. ज्यांनी तिला दगड म्हटलं होतं त्या आल्या, ठकूबाईसुद्धा आली, दारातून आत न येता. आत्यानं कुणाला परत पाठवलं नाही. एकच सांगे, की नख छाटू नका. पुढं दौरे पुन्हा सुरू झाले, गिरदावर बदलला पण पट्टा तोच होता, आणि चपराशी डालगं उचलायचा तेव्हा आत्या पाठ फिरवून धान्य निवडत बसायची. गावात आज जी कोंबडी दिसते ती तांबडी, पिवळ्या पायांची आहे. ती कुणाची जात हे लोक विसरले. गोष्ट मात्र विसरले नाहीत, ती तीर्थावर माहात्म्य सांगतात तशी सांगतात, कपटाला देवी काय करते म्हणून.

मी तिला एकदाच विचारलं, पुष्कळ वर्षांनी. तुझा तेव्हा विश्वास होता का, आत्या? ती तांदळाच्या कण्या टाकत होती. म्हणाली, "पोरगं तापल्यावं समद्यांचाच असतो." आणि कण्यांची पुढची मूठ टाकत, "त्यानंतर कुणाचा राहतो ते इचार."

त्या बाजाराच्या दिवशी मी गावात पोचलो तेव्हा तिला नेऊन दोन दिवस झाले होते. तरी बायका येत होत्या, दूरच्या गावांहून, पायातलं न काढताच हंबरडा फोडत. खोलीच्या कोपऱ्यात टोपलीत एक तांबडी मादी बसली होती, आत्यानंच जाण्याआधी बसवलेली, मान आखडून, डोळे न मिटता. आणि टोपलीच्या पुढं आडवी होऊन ठकूबाई बसली होती. आता तिला नीट दिसत नाही, दातही नाहीत. आवाजानं, धक्क्यानं बसलेली कोंबडी उठते आणि अंडी गार पडतात, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक आहे. चौसाळ्याकडची एक नात्यातली बाई उंबऱ्यातून ऊर बडवत आत आली. ठकूबाईनं हात वर केला.

"हळू रड गं," ती म्हणाली. "ती बसली हाय."

त्या बाईनं उगारलेला हात खाली घेतला, भिंतीला पाठ लावली, आणि पदर तोंडाशी धरून आवाज न करता रडत राहिली.