बैल कुठं पाहतो?

"दगड तं चांगला हाय. पण बैल कुठाय?"

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर नाईकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, मला हे विचारलं. सकाळची वेळ. दगड नुकताच उभा केला होता, हात अजून चिखलाचेच होते. मागं सरून पाहिलं. अरे देवा, खरंच बैल दिसेना! कळमनुरीला माझ्या पडवीत तर गळ्यातल्या घुंगरापर्यंत सगळं दिसत होतं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी पाथरवट. ऑर्डर नाईकाच्या आईची. पूर्वी हा तांडा बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य वाहायचा. सगळ्यांच्या पुढं चालणारा बैल तिनं लेकरावानी वाढवलेला. तो मरून जमाना झाला. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. नजर जायच्या आत त्याला एकदा पाहायचं होतं. अट एकच, तोंड जुन्या वाटेकडं.

दगडाची फळी पातळ, म्हणून मी उठाव उथळ ठेवला. म्हणजे आजूबाजूचा दगड नखभर उतरवायचा, तेवढाच बैल वर राहतो. साहेब लोक ह्याला लो रिलीफ म्हणतात. हे काम सावलीच्या जिवावर दिसतं. ऊन तिरपं आलं तरच कडेला सावली पडते. इथं वाट उत्तरेला, म्हणून दगडाचं तोंड उत्तरेला. ऊनच नाही. सगळं सपाट काळं.

"दगड फिरवू," मी म्हणालो.

"न्हाई. याडीनं वाटेकडंच सांगितलं." याडी म्हणजे आई.

"मग गेरूनं रंगवू?"

"रंगवायचाच होता तं भिंत काय वाईट होती?"

तेवढ्यात म्हातारी काठी टेकत आली. डोळे बारीक करून पाहिलं. काही दिसेना. तिचा चेहरा पडला. मग ती दगडावर हात फिरवू लागली. शेपटी, वशिंड, शिंग. नाकपुडीवर बोट थांबलं आणि भडकलीच.

"काहून रे, ह्यो तं मावळतीकडं पाहून राहिला! वाट हिकडं हाय!"

मी वाकून पाहिलं. बराबर होतं तिचं. बैल मी बाजूनं कोरलेला. आम्ही वाटेकडं तोंड केलं ते दगडाचं! दगडाला कुठं जायचं होतं?

दगड उपटला, फिरवला. आता दगड उगवतीला, बैल वाटेला. आधी ऊन थेट समोरून पडलं, काहीच नाही. सगळा तांडा भोवती बसून राहिला. दिवस डोक्याकडं सरकला, ऊन वरून तिरपं उतरलं, आणि वशिंड वर आलं, शिंग आलं, घुंगरूही आलं.

म्हातारीनं कपाळावर हात धरून पाहिलं. पाहतच राहिली. मग म्हणाली, "लई जाड केलास रे त्याला. चालून चालून वाळला होता माजा बैल."

मला एवढा आनंद कुठल्याच शाबासकीनं झाला नाही. तिला दिसलं होतं!

तेव्हापासून ऑर्डर घेताना साईज मी नंतर विचारतो. आधी विचारतो, दगड कुठं उभा राहणार आणि बैल कुठं पाहणार.