गाल फुगवून उभा असलेला माणूस

टार्निटच्या घरून निघालो तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. बायकोने, मेघनाने, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. कोविडमुळे बंद असलेली राज्याची सीमा कितीतरी महिन्यांनी उघडली होती, त्यामुळे आमच्या गल्लीतला जो तो कुठे ना कुठे पळत होता. कुणी समुद्रावर, कुणी नातेवाइकांकडे. मी साडेआठशे किलोमीटरवरच्या वॉलॉंगॉंगला माफी मागायला निघालो होतो.

अकरा वर्षांची इरा डोळे चोळत दारात आली. "बाबा, यू इरेझ्ड अ रिअल पर्सन?"

"इरेझ नाही गं, क्रॉप केलं."

"दॅट्स वर्स," ती म्हणाली आणि परत झोपायला गेली.

झालं होतं ते असं. मी सर्वेअर. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती आणि कामही निम्म्यावर आलं होतं. वेळ जाईना, म्हणून वॉलॉंगॉंगजवळच्या एका लहानशा वस्तुसंग्रहालयाचं फुकटचं काम अंगावर घेतलं. तिथला कुणी हौशी छायाचित्रकार पहिल्या महायुद्धाच्या आधी इजिप्तमधल्या एका उत्खननावर होता. त्याच्या काचेच्या निगेटिव्ह एका पेटीत पडून होत्या. संग्रहालयाने त्या स्कॅन करून पाठवायच्या आणि मी धूळ, ओरखडे काढून साफ करायच्या.

त्या काळी पुतळ्याचा आकार कळावा म्हणून शेजारी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची काठी घेतलेला माणूस उभा करत. आमच्या धंद्यात आजही आम्ही काठी घेऊन माणूस उभा करतोच. या फोटोंत बहुतेक वेळा एकच जण होता, अंगात लांब सदरा आणि गाल टम्म फुगलेले. इरा त्याला बलून मॅन म्हणायची. आम्ही दोघं त्याला खूप हसलो. मग मी काठीवरून माप काढलं, फोटोच्या कोपऱ्यात सुबक मोजपट्टी टाकली आणि माप मिळाल्यावर हा कशाला हवा, म्हणून त्याला कापून टाकलं. वर मूळ फाईलवरच सेव्ह करत गेलो, दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

फोटो वेबसाइटवर लागले आणि महिन्याभरात नबील नावाच्या गृहस्थांचं पत्र आलं. पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे इजिप्तचे. त्यांनी विचारलं होतं, "या फोटोंत माणसं नाहीत का? माझ्या आईचे वडील, सालेह, याच उत्खननावर होते. तेव्हा फोटो घ्यायला काही सेकंद लागायचे आणि हललेल्या माणसाचा नुसता धूर व्हायचा. आजोबा गाल फुगवून श्वास कोंडायचे आणि दगडासारखे उभे राहायचे, म्हणून साहेब त्यांनाच बोलवायचे. आई आठ वर्षांची असताना ते गेले. आमच्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. आई आता एकोणनव्वद वर्षांची आहे, नजर जात चालली आहे."

 काचा पुन्हा स्कॅन करता येतील म्हणून संग्रहालय सांभाळणाऱ्या मार्गोला फोन केला. तिने त्याहून वाईट बातमी दिली. संग्रहालयाचा हॉल कित्येक महिने बंद होता, छत गळलं होतं आणि पेटीत ओल शिरली होती.

ऑल्बरीला मरे नदी, म्हणजे राज्याची सीमा, ओलांडली. पोलिसांची चौकी उठली होती, नारिंगी शंकू तेवढे रस्त्याकडेला रचून ठेवले होते. गंडगाय गावात गरम पाय (मटणाचा खिमा भरलेली कचोरीच म्हणा) खायला थांबलो, तर रस्ता दाखवून दाखवून फोनने मान टाकलेली. आत शिरण्याआधी नोंद करायचा दारावरचा क्यूआर कोड स्कॅन होईना.

"नो चेक-इन, नो पाय, लव्ह," दुकानातली बाई मास्कआडून म्हणाली. तिच्याच दुकानाबाहेरच्या बाकावर बसून मी दशम्या खाल्ल्या. जाता जाता तिने कशाचा वास येतोय म्हणून विचारलं, तेव्हा कागदावर थोडी चटणी ठेवून दिली. काही झालं तरी मी पुण्याचा. चटणीचं कौतुक ऐकल्याशिवाय हलणार नव्हतो आणि तिनेही ते तोंडभर केलं.

वॉलॉंगॉंगला उतरणारा घाट मोठा देखणा आहे. एका वळणावर झाडी संपते आणि खाली एकदम समुद्र, त्याला लागून शहर आणि दक्षिणेला पोर्ट केंब्लाच्या कारखान्याची धुराडी. मी मात्र ते सगळं गाडीतूनच पाहिलं. डोक्यात त्या काचा होत्या.

मार्गो शाळेची निवृत्त ग्रंथपाल. दोन वर्षं फक्त पडद्यावर पाहिलेली ही बाई माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. "तूच उघड, मेट," ती म्हणाली, "मला बघवणार नाही."

गाल फुगवलेल्या माणसाच्या चौदा काचा होत्या. एकेक काच खिडकीच्या उजेडात धरत गेलो. ओल कडेकडून आत शिरली होती. दुधावरची साय सरकावी तसा काचेवरचा थर सुरकुतून सुटला होता. पुतळे मधोमध, ते शाबूत. सालेह नेहमी कडेला उभे. कुठे पावलं उरली होती, कुठे काठी धरलेला हात. चेहरा एकातही नाही. मी संगणकावर केलं तेच पाण्याने काचेवर केलं होतं. मला तिथे फार लाज वाटली.

मार्गो यादी बघत होती. "पंधरावी कुठंय? तुझा शेरा आहे इथे. 'खराब, माणूस हलला.'"

तो स्कॅन मी साफही न करता कचऱ्यात टाकला होता. पण माझ्या शेऱ्यामुळे मार्गोने ती काच टाकून द्यायच्या सामानात काढली होती. त्या सामानातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा कपाटावर होता. त्यात टॉवेलात गुंडाळलेली काच निघाली, अगदी कोरडी. सालेह पूर्ण होते, पण चेहरा धूसर. तोंड उघडं, गाल बसलेले. ज्या माणसाची ख्याती न हलण्याची, त्याचा हललेला तेवढा एक फोटो वाचला होता. मार्गोने काच पुन्हा स्कॅन करून फोटो छापून दिला आणि धाकधुकीने मी तो घेऊन पोर्ट केंब्लाला गेलो.

नबीलने कारपोर्टमध्येच, म्हणजे गाडीच्या उघड्या छपराखालीच, खुर्च्या मांडल्या होत्या, घरात कुणाला घ्यायची अजून भीती. तामिया (बाकल्याच्या दाण्यांचे वडे, आपल्या डाळवड्याचे चुलतभाऊ) समोर गरम होते. त्यांच्या आईला सगळे उम्म नबील (नबीलची आई) म्हणत. मी काय केलं ते आधी सरळ सांगून टाकलं आणि माफी मागितली. नबीलने ते अरबीत सांगितलं.  उम्म नबीलनी माझ्या हातातला फोटो घेऊन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

 मग त्या हसल्या. "बाबा," त्या म्हणाल्या. हा शब्द मला नबीलशिवाय कळला.

"ती म्हणते, श्वास सोडल्यावर ते असेच हसायचे. दगडासारखे ते साहेबांसाठी असायचे. हे आमच्या घरचे," नबील म्हणाले.

मग त्यांनी काहीतरी विचारलं आणि नबील जरा घुटमळले. "तिला विचारायचंय, पुतळ्याचं माप तुम्ही काढलंत, तसं बाबांचं काढता येईल का? तिला ते फार उंच आठवतात."

काठी फोटोत होतीच. मी पट्ट्या मोजल्या, कागदावर आकडेमोड केली, दोनदा तपासली. डिकीतून टेप आणली आणि कारपोर्टच्या खांबावर पेन्सिलीने रेघ मारली. एकशे सहासष्ट सेंटिमीटर, एखादं बोट इकडेतिकडे. नबीलपेक्षा चांगलंच कमी. फार उंच नव्हतेच ते.

उम्म नबील मुलाच्या आधाराने उठल्या. खांबाजवळ जाऊन त्यांनी रेघ बोटाने चाचपली. मग तिच्या जराशा खाली, जिथे माणसाचा खांदा येतो तिथे, कपाळ टेकलं आणि डोळे मिटले. नबील आणि मी दोघंही श्वास कोंडून उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. वाटेत गंडगायला फोन चार्ज होता, पाय मिळाला. घरी पोचल्यावर इराला सगळं सांगितलं. तिने तेव्हाच्या तेव्हा मला संगणकापुढे बसवलं. आजवर माझ्या कामाच्या फोटोंतून काठी धरणारे किती जण मी कापले असतील, याचा हिशेब लागणार नाही. हा फोटो मात्र आम्ही कडेपर्यंत पूर्ण लावला. त्याच पुतळ्याच्या कापलेल्या फोटोखाली जुनी ओळ होती, "ग्रॅनाइटचा पुतळा, उंची अडीच मीटर." ती काढून इराने सांगितली तशी लिहिली:

"सालेह, उंची एकशे सहासष्ट सेंटिमीटर. शेजारी एक पुतळा. त्याचं नाव माहीत नाही."