आदल्या दिवसाची फाईल

आमच्या रक्तपेढीत संगणकांची जबाबदारी जिच्याकडे होती तिला सगळेच ताई म्हणायचे, तिच्याहून वयानं मोठे डॉक्टरसुद्धा. रक्तदात्यांची नावं, रक्तगट, फोन नंबर हे सगळं एका लिनक्स सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये होतं. काही बिघडलं की आम्ही तपासणी विभागातल्या बायका हवालदिल व्हायचो आणि ताई चष्मा कपाळावर चढवून लॉग उघडायची. सर्व्हर जे जे करतो ते लॉगमध्ये ओळीनं लिहीत जातो, आणि माणसांसारखी सारवासारव करत नाही, असं ती म्हणायची.

तिचा धाकटा भाऊ तिच्याच हाताखाली होता. तिनंच शब्द टाकून त्याला चिकटवला होता. गोड बोलणारा, सगळ्यांच्या चहाची काळजी वाहणारा मुलगा. त्यांच्या वडिलांना शेवटी विसरण्याचा आजार जडला होता. पोटच्या मुलीला ते ‘आपण कोण?’ म्हणून विचारत. त्या काळात ताई दवाखान्यात अडकायची, म्हणून तिनं आपला पासवर्ड भावाला देऊन ठेवला. वडील गेले, पासवर्ड बदलायचा राहून गेला.

मग एका सकाळी रक्तदात्यांची यादी रिकामी झाली. नेमकं तेव्हाच बाळंतपणातल्या एका बाईला दुर्मिळ गटाचं रक्त हवं होतं. आम्ही आठवतील त्या दात्यांना फोन लावत बसलो, आणि नशिबानं एक जण धावत आला. बॅकअपमधून बरंच परत मिळालं, पण नव्यानं नोंदवलेली नावं गेली ती गेलीच. साहेबांनी विचारलं, हे केलं कुणी? ताईनं त्या दिवसाचा लॉग उघडला. नोंदी पुसण्याची आज्ञा तिथे होती, आणि शेजारी नाव ताईचं.

तिला काहीच आठवेना. ती खुर्चीत बसून राहिली. भावानं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हळूच म्हणाला, “ताई, बाबांचंही सुरुवातीला असंच झालं होतं.”

त्या एका वाक्यानं ती खचली. तिनं आपणहून जबाबदारी सोडली आणि ते काम भावाकडे गेलं. तोच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, आणि सगळं ठीक आहे म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही. गॅस बंद केला का हे बघायला ती अर्ध्या वाटेतून घरी परतायची. जेवताना आमच्याशी बोलता बोलता मध्येच थांबायची आणि विचारायची, “हे मी मघाशी सांगितलं का गं?”

काही महिन्यांनी भाऊ रजेवर असताना सर्व्हरची डिस्क भरली. साहेबांनी ताईलाच बोलावलं. जागा कशानं खाल्ली हे पाहताना तिला कळलं की जुने लॉग, रोजची एक फाईल असे, दाबून छोटे करून ठेवलेले आहेत, पण ते काढून टाकायची सोय कुणी लावलेलीच नाही. उडवण्याआधी एकदा बघावं, म्हणून तिनं तो दिवस पुन्हा उघडला.

नोंदी पुसण्याच्या ओळीत नावाबरोबर जोडणीचा क्रमांकही होता, म्हणजे कुणी सर्व्हरला जोडलं की दर वेळी मिळणारा नवा नंबर. पहिल्या वेळी नाव दिसताच तिची नजर पुढे गेलीच नव्हती. आता तिनं ग्रेप ही शोधायची आज्ञा लावून तो क्रमांक शोधला. त्या दिवसाच्या फाईलमध्ये जोडणी उघडल्याची ओळच नव्हती. म्हणजे ती आदल्या दिवशी उघडून तशीच राहिली असणार. तिनं आदल्या दिवसाची फाईल काढली. ओळ सापडली. नाव ताईचं, पण जोडणी ज्या मशीनवरून झाली त्याचा नेटवर्कवरचा पत्ता भावाच्या टेबलावरच्या मशीनचा. तो पत्ता तिनंच त्याला नेमून दिला होता.

ती संध्याकाळी थेट त्याच्या घरी गेली. त्यानं फारसे आढेवेढे घेतले नाहीत. डेटाबेसच्या सरावाच्या प्रतीवर आहोत असं समजून आज्ञा दिली आणि घाबरलो, म्हणाला. तुला कुणी काढलं नसतं, मला काढलं असतं.

“चूक मी पोटात घातली असती,” ताई म्हणाली. “पण डॉक्टरांच्या खोलीत माझा हात धरून बसलास. मी घड्याळ काढत होते आणि तू बघत होतास.”

त्याची बायको आतून म्हणाली, झालं ते झालं, घरातली गोष्ट घरातच राहू दे.

दुसऱ्या दिवशी ताईनं दोन्ही ओळी छापून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. भावाची नोकरी गेली. नातेवाइकांत ताईच वाईट ठरली. सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिला, असं तिच्या तोंडावर बोलले लोक. सर्व्हर पुन्हा तिच्याकडे आला. आम्ही पेढीत खूश झालो, पण ती हसली नाही.

माझ्याजवळ ती याबद्दल एकदाच बोलली. म्हणाली, भाऊ तुटला त्याचं दुःख कधीतरी निवेल. पण किल्ली पर्समध्ये टाकली, की ती खरंच टाकली का, हे मी अजूनही तीनदा बघते गं.