दात की ढोरं

आमच्या घरात डिग्र्यांचा भाव मामा ठरवत. ते आईचे मोठे भाऊ, दुर्ग-नागपूर लाइनवर गार्ड. रिसालीला स्वतःचं घर बांधल्यापासून त्यांच्या मताला जरा जास्तच वजन आलं होतं. सुट्टी असली की ते भिलाईत आमच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरात येत, पंख्याखालची खुर्ची धरत आणि कोणाच्या मुलाला कुठं अ‍ॅडमिशन मिळाली याचा हिशेब सुरू करत. एमबीबीएस सगळ्यात वर. त्याखाली आयआयटी, मग सीए. दाताचा डॉक्टर चालतो, कारण पाटीवर 'डॉक्टर' लिहिता येतं. आयुर्वेदवाला अडल्यानडल्याला. फिजिओथेरपी म्हणजे मालिश, फार्मसी म्हणजे दुकान, आणि बी.ई. म्हणजे काय ते सांगायची गरजच नव्हती, कारण आमचा दादा तिथंच बसलेला असे.

दादा मेकॅनिकलचा बी.ई. होता आणि घरी बसून स्टील प्लांटच्या नोकरीच्या परीक्षेची तयारी करत होता. शेजारच्या क्वार्टरातला आयटीआय झालेला मुलगा त्याच प्लांटमध्ये लागून, हेल्मेट हँडलला अडकवून रोज ड्युटीवर जायचा. त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला की दादा पुस्तकाचं पान उलटायचा. वाचून झालेलं नसलं तरी उलटायचा.

अशा घरात मला एकाच वेळी दोन जागा मिळत होत्या. एक खाजगी कॉलेजात बीडीएसची, म्हणजे दाताची. दुसरी सरकारी कॉलेजात व्हेटर्नरीची. दोन्हीकडं होकार देता येत नव्हता, आणि कोणती जागा घेणार ते कळवायची मुदत त्या आठवड्यात संपत होती.

मी व्हेटर्नरी म्हणाले तेव्हा मामा असे हसले की चहा बशीत सांडला.

"ढोरांची डॉक्टर? बाप्पा! लोकं पोरीले पाहाले येतीन तं काय सांगशीन, म्हशीच्या मागं उभी राहते म्हणून?"

ते हसले नसते तर कदाचित मी मुकाट्यानं दाताचं घेतलंही असतं. माझा स्वभावच तसा. कोणी 'हे तुझ्याच्यानं होणार नाही' म्हटलं की माझं डोकं सटकतं. पण नुसता हट्ट होता असंही नाही. आमच्या मागच्या फाटकाशी रोज सकाळी एक तांबडी गाय यायची, आई तिला शिळी पोळी द्यायची. प्लास्टिकची पन्नी खाऊन तिचं पोट फुगलं आणि ती तिथंच, नालीच्या कडेला, दोन दिवस तडफडून मेली. सगळा सेक्टर पाहत होता आणि कोणालाच काही करता येत नव्हतं. मीही पाहतच होते. तो राग माझ्या मनातून कधी गेला नाही.

मामांचं हसणं मी सहन केलं. बाबांचं गप्प बसणं सहन होईना. बाबा भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी भिलाईला आले आणि रेल मिलच्या भट्टीवर लागले. गावाविषयी ते बोलत नसत. मुलगी डॉक्टर होणार म्हणून त्यांनी आपल्या अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले होते, कशाची डॉक्टर ते न सांगता. शेवटी एकदाच बोलले, तेही माझ्याकडं न पाहता.

"मी शेणातून निघून इथं आलो. तुले पुन्हा शेणात पाठवाले नाही आलो. दाताचं घे. पीएफ काढतो मी."

मी ताडकन म्हणाले, "पीएफ दादाच्या वेळी काढलाच होता ना? काय झालं त्याचं?"

दादा उठून बाहेर गेला. आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मला माझीच जीभ चावावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सुट्टी टाकली. ते सहजासहजी सुट्टी टाकणारे नव्हते, तापातसुद्धा ड्युटीवर जायचे, त्यामुळं मी घाबरले. चहा पिताना ते म्हणाले, "आमच्याकडं शिफ्ट बदलताना येणारा माणूस आधी सगळी लाइन फिरून पाहते. भट्टी पाहते, रोल पाहते, मंगच चार्ज घेते. न पाहता चार्ज घेतला आन काही झालं, तं मंग रडाले जागा नाही. तू दोन्ही पाहून घे."

आधी आम्ही दाताच्या दवाखान्यात गेलो. बाबांच्या कामावरच्या एका जोडीदाराच्या मुलीचा तो दवाखाना होता, सेक्टर दहाच्या बाजूला. आईही आली होती. आत गारवा, लवंगेचा वास, भिंतीवर हसऱ्या बायकांचे फोटो. मला ते सगळं खोटं वाटायला हवं होतं, तशी मी मनाची तयारी करूनच गेले होते. पण ती ताई भली निघाली. गाल सुजलेला एक माणूस कण्हत आला, तिनं त्याच्याशी बोलत बोलत दाढ मोकळी केली आणि तो माणूस उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. मला तिचा हेवा वाटला. आई घरी येईपर्यंत एकच म्हणत होती, "किती स्वच्छ हात होते वो तिचे."

त्याच्या दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. संध्याकाळी पाचच्या आत दादाला लॅपटॉपवरून होकार पाठवायचा होता. सकाळीच बाबांनी स्कूटर काढली आणि रिसालीच्या पुढं, गावांकडं जाणाऱ्या रस्त्याला लागले. जनावरांच्या दवाखान्यात चौकशी केली तर डॉक्टर एका घरी म्हशीकडं गेले होते. आम्ही तिथं पोचलो.

म्हैस अडली होती. रेडकाचा एक पाय आत दुमडला होता. डॉक्टर गमबूट घालून चिखलात उभे, हात खांद्यापर्यंत आत गेलेला, डोळे मिटलेले. म्हशीचा मालक तिचं शिंग धरून उभा होता. बाबांनी स्कूटर फाटकापाशी लावली आणि तिथंच थांबले, आत आलेच नाहीत. मी डॉक्टरांना सांगितलं की मला हा कोर्स घ्यायचा आहे, पाहायला आले. त्यांनी डोळे न उघडताच मान हलवली.

मी पाहिलं. जेवढं पाहता येईल तेवढं पाहिलं. मग म्हशीनं एक असा आवाज काढला, जो मी आजवर कुठल्याच जिवंत प्राण्याचा ऐकला नव्हता, आणि रक्तामिश्रित पाण्याचा लोट माझ्या चपलांवर आला. मी हापशाकडं पळाले आणि सकाळचा चहा, पोहे, सगळं उलटून टाकलं. फाटकातून बाबा पाहत होते. त्यांच्या हातात आता सगळी लढाई होती. मामांना एवढंच सांगायचं: गेली होती, ओकून आली. लाजेनं माझे कान तापले.

"हो गया?" डॉक्टरांनी तिकडूनच विचारलं. "तो आ, रस्सी पकड़। आदमी कम है।"

मी का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. धीट होते म्हणून नक्कीच नाही. फाटकाकडं जायचं तर बाबांच्या तोंडाकडं पाहावं लागलं असतं, त्यापेक्षा म्हैस बरी वाटली. रेडकाच्या पायाला बांधलेली दोरी मी धरली. ती निसरडी होती, हाताला मनगटापर्यंत सगळं लागलं.

"नोनी, झटका झन देबे," म्हशीचा मालक छत्तीसगढीत म्हणाला, पोरी, झटका देऊ नको.

डॉक्टर सांगतील तेव्हा ओढायचं, सांगतील तेव्हा थांबायचं. किती वेळ गेला कोणास ठाऊक. रेडकू बाहेर आलं ते मेलेलंच. डॉक्टरांनी त्याच्या नाकातोंडात बोटं घालून पाहिलं, छाती चोळली, मग सोडून दिलं. म्हैस वाचली होती. ती वळली आणि त्या मेलेल्या रेडकाला चाटायला लागली. मला वाटलं होतं काहीतरी जन्मेल, मी घरी जाऊन मामांना ऐकवीन. मी फाटकाकडं पाहिलं तर बाबा पाठ करून उभे होते.

परतताना स्कूटरवर मला एकच गोष्ट कळत होती: हे माझ्याच्यानं होणार नाही. मामा बरोबर होते. इतके दिवस मी ज्यासाठी भांडले, दादाला बोलले, आईला रडवलं, ते मला नकोच होतं. मला गारवा हवा होता, लवंगेचा वास हवा होता, ताईसारखे स्वच्छ हात हवे होते. पण आता कोणत्या तोंडानं सांगायचं? वाटेत एका नळावर बाबांनी स्कूटर थांबवली, मी चूळ भरली, पुन्हा निघालो.

घरी मामा येऊन बसले होते. निकालाच्या दिवशी ते कसे चुकतील! आईनं मला दारातच अडवलं, मोरीत नेलं, साबण लावून हात धुवायला लावले. धुतले. पुन्हा धुवायला लावले. वास जाईना. ओलसर, गरम, गोठ्याचा वास नखांच्या कडांत बसला होता.

राहिलेल्या दुपारच्या जेवणाची पानं मांडली. मी पोळ्यांचा डबा उचलला तर आईनं तो काढून घेतला. "राहू दे. मी वाढते." आवाज कठोर नव्हता, पण मी भिंतीला टेकून उभी राहिले, हात मागं लपवून. दादा पलंगावर लॅपटॉप उघडून बसला होता. पाच वाजायला फार अवकाश नव्हता.

"मंग भाऊजी," मामांनी घास घेत विचारलं, "पाहिलं नं डोयानं? पोट्टीनं काय केलं तिथं?"

मी जमिनीकडं पाहत होते. आता येईल, आता सांगतील.

"दोरी धरली," बाबा म्हणाले.

"आन?"

"आन काय? रेडकू मेलेलं निघालं. म्हैस वाचली."

"हेच तं मी म्हणून राहिलो! कशाले पाह्यजे पोरीच्या जातीले..."

"पोळी तू वाढ," बाबा मला म्हणाले.

आई मधेच बोलली, "अवो, तिच्या हाताले वास येते अजून."

"माहीत आहे मले. म्हणूनच म्हणतो."

मी जागची हलले नाही, तेव्हा बाबांनी हात लांब करून माझं मनगट धरलं, मला खाली बसवलं आणि माझा पंजा स्वतःच्या नाकाशी नेला. मला इतकी लाज वाटली की मी हात ओढून घ्यायला लागले, पण भट्टीवर काम केलेल्या माणसाची पकड होती, सुटेना.

"माझ्या मायच्या हाताले हाच वास राहे," ते म्हणाले. "ह्याच हातानं मले भाकर दे. मी म्हणो, हात धुऊन ये. ती धुऊन ये, तरी वास राहे. मंग मी इथं आलो. तीस वर्षं झाले. मले वाटे, बरं झालं, सुटलो. आज त्या फाटकाशी उभा होतो तं पाय आत जाईना. माय आत बसून आहे असं वाटे."

बाबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ते रडले नाहीत. फक्त माझा हात सोडला नाही.

"बाबा, मला भीती वाटते," मी म्हणाले. इतके दिवस सगळं बोलले, एवढंच बोलले नव्हते. "मी ओकले. मला जमणार नाही."

"पाहिलं मी. ओकली आन परत गेली." त्यांनी आता कुठं माझ्याकडं पाहिलं. "ज्याले भट्टीची भीती वाटत नाही त्याले आमी भट्टीजवळ उभं नाही करत. तू लाइन पाहून आली आहे, दोन्ही. आता चार्ज घ्यायचा का नाही ते तूच सांग. मी नाही म्हटलं होतं, ते मी मागं घेतो. हो पण म्हणत नाही. दाताचं म्हणशीन तं दाताचं. पण मामाच्या भीतीनं नको, माझ्या भीतीनं नको."

दादानं लॅपटॉप मांडीवर वळवला. पीएफवरून टोमणा मारला त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नव्हते. "बोल, क्या करूँ? टाइम हो रहा है," तो म्हणाला, आणि मग हळूच मराठीत, "घाई नको करू. माझ्यावेळी मले कोणी विचारलं नव्हतं."

मला ताईचे हात आठवले. म्हशीचा तो आवाज आठवला, आणि तिनं वळून मेलेल्या रेडकाला चाटणं आठवलं. नालीच्या कडेची तांबडी गायही आठवली. तिला कोणी दोरीसुद्धा लावली नव्हती. भीती काही कमी झाली नाही. पण ती घेऊनही बोलता येतं, हे मला कळलं.

"व्हेटर्नरी," मी म्हणाले.

"पक्का?"

"दाब."

दादानं दाबलं. एवढासा टिक आवाज झाला, आणि आता होकार परत फिरवता येणार नव्हता. आई तशीच बसून होती, डबा मांडीवर धरून, नजर माझ्या नखांवर. मग तिनं तो माझ्याकडं सरकवला.

मी पोळी घेऊन आधी मामांकडं गेले. पाहुणे ते. त्यांनी ताटावर हात आडवा धरला. "बस झालं मले, पोट भरलं," म्हणाले. त्यांची पहिलीच पोळी अजून अर्धी होती.

बाबांनी आपलं ताट पुढं सरकवलं.